न दिसणाऱ्यावरचं औषध

जळगाव,
११ जून १९८९

प्रिय अक्का,

अक्षर बघून घाबरू नकोस. तब्येत बिघडलेली नाही, अक्षरच बिघडलंय. त्या औषधाने बोटांच्या टोकांना सारख्या मुंग्या येतात. पेन हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं. वेलांटी चुकली म्हणून चौथीच्या पोरींना उभं करणारी मी, आणि आता माझीच वेलांटी ओळ सोडून भलतीकडे जाते. मंगळवारी दाजी येऊन गेले. तू उठून बसतेस, थोडं जेवतेस असं म्हणाले, बरं वाटलं. बराच वेळ बसले. चहा घेतला, सुकदेवला टेलिफोन ऑफिसातल्या बदल्यांचं विचारलं, आमच्या सावद्याच्या केळीला यंदा वाऱ्याने किती झोपवलं ते विचारलं, आणि निघता निघता दारात चपला घालताना मला एक काम सांगून गेले. त्या कामाचं शेवटी लिहिते. आधी मला तुला ते सांगायचंय, जे एप्रिलमध्ये तुझ्या दारात अवचित येऊन उभी राहिले तेव्हा सांगितलं नाही. तू काही विचारलं नाहीस. पाट मांडलास, पाय धुवायला पाणी दिलंस, आणि मुगाची खिचडी टाकायला आत गेलीस.

दुखण्याचं तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे माझंच मला नीट लागेल. गेल्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला. टीबी म्हणून गोळ्या खाल्ल्या, त्या दिवाळीपर्यंत. मग जळगावला पुन्हा फोटो काढला आणि तिथून सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी मला विचारलं, बिडी ओढता का, मिस्री लावता का. नाही म्हटलं तर यांच्याकडे वळून पुन्हा तेच विचारलं, जणू बायकोचं खोटं नवऱ्याला माहीत असतं. हे म्हणाले, चुलीचा धूर गेला असेल पोटात. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. टाके पाठीवरून वळून पार छातीखाली आले आहेत. उशी पोटाशी धरून खोकायचं, पाण्याच्या बाटलीत नळीने बुडबुडे काढायचे, हे सगळं मी मन लावून केलं. वाटलं, संपलं. आता शाळा उघडेल तेव्हा जाऊ.

मग हे आणि सुकदेव डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, आता फक्त ताकदीचं औषध घ्यायचंय. सलाईनमधून. महिन्याच्या अंतराने सहा वेळा. मुंबईला यायची गरज नाही, इथले डॉक्टर लिहून देतील तसं जळगावला मिळेल. ताकदीचं औषध हा शब्द यांनी काढला की सुकदेवने, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून दोघं तो शब्द धरून बसले, आणि प्रमिलाने म्हणजे सूनबाईनेही तो तसाच उचलला. अक्का, मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. हॉस्पिटलच्या दारावरची मोठी पाटी मला वाचता येत नसेल असं त्यांना कसं वाटलं? पण ते मला सांगत नव्हते, म्हणून मीही त्यांना सांगितलं नाही की मला कळलंय. त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

सावद्याला मला जाऊ दिलं नाही. औषधाच्या दिवशी लांबून यायला नको, म्हणून सुकदेवच्या क्वार्टरमधली वरची खोली मला दिली. खोली चांगली आहे. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते, तिच्यावर पाण्याचा पाइप आहे, आणि पाइपावर दुपारी एक पाल येते. औषधाने रक्तातलं काहीतरी कमी होतं, कोणाचंही दुखणं लागू शकतं, म्हणून बाहेरच्या कोणाला वर येऊ द्यायचं नाही. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, पाणी उकळून गार केलेलं. स्वयंपाकघरात यायचं नाही, फोडणीचा ठसका लागेल. जिना उतरायचा नाही, दम लागेल. एप्रिलचं ऊन, कूलर लावला तर दमट होऊन छाती भरते, बंद केला तर भट्टी. मला जरा कुठे वाकलेलं बघितलं की प्रमिला धावत येते, "राहू द्या आई, मी करते." तिचं काहीच चुकत नव्हतं. सुकदेव ऑफिसातून आला की हातपाय धुऊन आधी माझ्या खोलीत येतो, मग चहा घेतो. हे दर आठवड्याला सावद्याहून येतात, खुर्चीवर बसतात आणि केळीला पाणी किती दिलं ते सांगतात. मी म्हणते, बरं. मग दोघं भिंतीकडे बघत बसतो. एखाद्याने कडी लावून कोंडलं तर माणूस दार तरी बडवील. इथे सगळे माझ्यासाठी झिजत होते. ओरडायचं कोणावर?

आणि औषधाचा दिवस. तो तू बघितलेला नाहीस, त्याच्यानंतरची मी बघितलीस. सकाळी आधी नुसत्या पाण्याच्या बाटल्या चढवतात. मग लाल रंगाचं एक इंजेक्शन हळूहळू शिरेत सोडतात. मग मोठ्या औषधाची बाटली येते. तिला उजेड लागू नये म्हणून काळा कागद गुंडाळलेला असतो. ती काळी बाटली टांगली की माझ्या तोंडाची चव लोखंडासारखी होते. दुपारनंतर उलट्या सुरू होतात. त्या उलट्यांना पोटात काही असावं लागत नाही अक्का. टाक्यांच्या जागी तर कोणी पुन्हा सुरी फिरवतंय असं होतं. दुसऱ्या वेळेनंतर केस उशीवर राहायला लागले. प्रमिला मी उठायच्या आत उशी झटकून जायची.

सगळ्यात वाईट काय झालं ते सांगते. दुसऱ्या वेळेनंतर तिसऱ्या आठवड्यात जरा तरतरी आली, तेव्हा मी हट्ट केला आणि प्रमिला मला भाजीबाजारात घेऊन गेली. वांगी बघत होते. इतक्यात समोर आमच्या वॉर्डातली सिस्टर उभी, साध्या साडीत, कोथिंबीर घेताना. फार चांगली मुलगी. पण तिचा चेहरा दिसला आणि पोटातून असा उमासा आला की भर बाजारात, त्या वांग्यांच्या ढिगाशेजारीच मला उलटी झाली. लोक बाजूला झाले. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, आणि जवळ आली नाही. पाठ फिरवून पटकन गर्दीत शिरली. तेव्हा मला राग आला. पुष्कळ नंतर तिनेच सांगितलं, "मावशी, मी जवळ आले असते तर तुम्हाला आणखी झाली असती. पुष्कळांना होतं असं." पण बाजारातल्या त्या दिवशीच मला कळलं की ते औषध आता हॉस्पिटलात नाही, माझ्या डोळ्यांत आहे. मी कुठेही गेले तरी ते सोबत येणार. पळायला जागाच राहिली नाही. आणि तरी मी पळाले.

तिसऱ्या वेळेचा दिवस. यांची केळीची कापणी होती, वॅगन भरायची म्हणून आले नव्हते. सुकदेव मला बाकावर बसवून समोरच्या मेडिकलमधून बाटल्या आणायला गेला. रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली तेव्हाच मला एकदा उलटी झाली होती. बाकावर बसले होते आणि आतून स्पिरिटचा वास आला. मी उठले. बाथरूमला जाते असं आयाबाईला सांगितलं आणि फाटकातून बाहेर पडले. काही ठरवलं नव्हतं गं. रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं तर तोंडातून स्टँड निघालं. स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. सावद्याची गाडीही असेल, मी बघितलीही नाही. सावद्याला गेले असते तर संध्याकाळपर्यंत ह्यांनीच परत आणून पोहोचवलं असतं.

खिडकीपाशी जागा मिळाली. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. गरम वारा तोंडावर येत होता आणि मला गार वाटत होतं. किती महिन्यांनी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. एरंडोलला एक बाई शेजारी येऊन बसली, चेहऱ्यावर कडक उन्हाचा शीण, मांडीवर कापडाचं गाठोडं. भिकुबाई नाव तिचं, कंडक्टरने तिला ओळखून हाक मारली म्हणून कळलं. वाऱ्याने माझ्या डोक्यावरचा पदर उडाला. आतला रुमालही सरकला. मी सावरायच्या आत तिने बघितलं. नजर वळवली नाही. पदर उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं, "काय व्हयनं, माय?"

तिची ती बोली आपल्या माहेरची. आई गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. माझ्याही तोंडून तीच निघाली. "माले कॅन्सर शे," मी म्हटलं.

अक्का, तो शब्द मी त्याआधी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. कोणीच उच्चारला नव्हता. आणि पहिल्यांदा उच्चारला तो एसटीत, अनोळखी बाईजवळ. तिने हाय हाय केलं नाही, कपाळाला हात लावला नाही. "मंग एकलीच कथी चालनी?" एवढं विचारलं. मी म्हटलं, बहिणीकडे. ती म्हणाली, बरं कर. मग पारोळ्याला उतरेपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला. आपल्या गावचा फाटा गेला तेव्हा मी रडत होते.

पुढचं तुला ठाऊक आहे. गल्ली नंबर पाच, तुझा ओटा, तू दळण निवडत बसलेली. मी तुला म्हटलं, मला परत पाठवू नकोस. तू म्हणालीस, नाही पाठवत. दाजींनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सुकदेवला फोन केला, मी इथे आहे, काळजी करू नको म्हणून. तू मला न्हाऊ घातलंस. माझं उघडं डोकं, हातावरच्या काळ्या पडलेल्या शिरा, पाठीवरून वळलेला व्रण, हे सगळं तू त्या दिवशी बघितलंस. तुझा हात पाठीवर थांबला होता. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकदेव आला तेव्हा तू भाकरी टाकायला आत होतीस, म्हणून हे तू ऐकलं नाहीस. मला वाटलं आता समजावेल, रडेल, यांची शपथ घालेल. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, "आई, तुला कॅन्सर आहे. ते ताकदीचं औषध नाही. आम्ही खोटं सांगितलं."

मी वळले नाही. तो म्हणाला, "मी तुला न्यायला आलो नाही. विचारायला आलोय. तुला नको असेल तर नको. बाबांना मी सांगेन."

तू जेवायला हाक मारलीस, तो जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने एकटा निघून गेला. तुला आठवत असेल, तू माझ्यावर चिडलीस, पोरगा एवढ्या लांबून आला आणि तू बोललीसुद्धा नाहीस म्हणून. मी बोलू शकत नव्हते अक्का. मला काय झालं होतं सांगू? डॉक्टर, हे, सुकदेव, प्रमिला, सगळे मला नेत होते. रिक्षात बसवायचे, उतरवायचे, बाकावर टेकवायचे. त्या सगळ्यात एकदाही कोणी मला विचारलं नव्हतं. सुकदेवने नाही म्हणायची मोकळीक दिली आणि त्या रात्रीपासून माझ्या मनात ते 'नाही' येईना. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून विचार करायची, आता नाही म्हणू, आता म्हणू. आणि मला सारखं दिसायचं की मला जूनमध्ये शाळेत जायचंय. चौथीचा वर्ग हवाय. म्हणजे मला जगायचं होतं. हे मला ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांनी मी दाजींना म्हटलं, मला जळगावच्या गाडीत बसवून द्या. तू तेव्हाही कारण विचारलं नाहीस. कारण हे होतं.

परत आल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे औषध कशासाठी, आणि याने मी बरी होईन का. ते थोडे गडबडले, सुकदेवकडे बघायला लागले. सुकदेव म्हणाला, तिला सांगा. मग ते म्हणाले, "दिसत होतं ते ऑपरेशनमध्ये काढलं. हे न दिसणाऱ्यासाठी आहे. असेल की नाही, कोणालाच माहीत नाही. असेल तर याने मरेल अशी आशा." एवढंच. पुढची हमी त्यांनी दिली नाही. मला ते बरं वाटलं, त्या माणसावर विश्वास बसला.

आता मी सुटले असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिसरी वेळ झाली, मेमध्ये चौथी झाली, उलट्या तेवढ्याच झाल्या. कानात रातकिड्यासारखा आवाज बसलाय तो जात नाही. खोली तीच, समोरची भिंत तीच. जून आला, शाळा उघडायची वेळ झाली आणि मी इथेच आहे, अजून दोन वेळा बाकी. रिक्षा त्या रस्त्याला वळली की अजूनही पोट ढवळतं. कधी कधी वाटतं, न दिसणारं काही नसेलच, आणि मी उगाच हे सगळं सोसतेय. कधी वाटतं, असेल आणि औषधाला दाद देत नसेल. दोन्हीपैकी कोणतं खरं ते मला कधीच कळणार नाही. पण घरात तो शब्द आता बोलला जातो. यांनी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा त्यांचा आवाज फुटला, आणि मग आम्ही दोघं खूप दिवसांनी भिंत सोडून एकमेकांकडे बघत बसलो. प्रमिला मला मेथी निवडायला देते. चौथ्या वेळेनंतर तिसऱ्या आठवड्यात तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला, माझ्या तोंडाला चव लागली. तिखट लागलं अक्का! डोळ्यांत पाणी आलं इतकं तिखट. मी दोन भाकरी खाल्ल्या.

आता दाजींचं काम. दारात उभे राहून ते म्हणाले, शेवंता, तू तिला लिही की त्या औषधाने काही त्रास होत नाही, चार दिवस जरा जड जातात एवढंच. तुझं ऐकेल ती. धुळ्याच्या डॉक्टरांनी तुझी छातीतली गाठ काढली, टाके सुकले, आणि पुढचं औषध घ्यायचं म्हटलं तेव्हा तू त्यांना सांगितलंस, माझ्या बहिणीला बघितलंय मी, मला ते नको. दाजी हे सांगताना चपलेचा पट्टा लावत खाली बघत होते. एप्रिलमध्ये मला न्हाऊ घालताना ती गाठ तुझ्या अंगात होती, आणि तुला ठाऊक होती, हो ना? दाजींनी सांगितलं ते मी लिहिणार नाही. त्रास होतो. तो कसा होतो ते वर सगळं लिहिलं. तू घे असंही मी म्हणणार नाही, डॉक्टर तुला काय सांगतात ते त्यांच्याकडूनच ऐक. मला एकच सांगायचंय. तू मला माझ्या सगळ्यात वाईट दिवशी बघितलंस, आणि त्यानंतर मी माझ्या पायांनी परत गेले, ते का ते तुला माहीत नव्हतं. नको म्हणायचं असेल तर म्हण, मी दाजींशी भांडेन, तुझ्या ओट्यावर येऊन बसेन, कोणाला बोलू देणार नाही. घ्यायचं असेल तर तुझ्या बाकावर शेजारी बसायला येईन, पदराखाली दोघी टकल्या. पण माझ्याकडे बघून नाही म्हणू नकोस अक्का. तुझं तू ठरव.

तुझीच,
शेवंता